सातारा-सांगलीची शेती आणि राहुरीची कृषी विद्याशाखा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर 'ॲग्री' करायचं म्हणणारी मुलं, त्यांचे पालक आणि बेण्यासाठी संशोधन केंद्राच्या दारात जाणारे शेतकरी यांच्या तोंडी येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. या विद्याशाखेचा इतिहास फक्त राहुरीच्या इमारतींत शोधला तर अर्धाच हाती लागतो. बाकीचा पाडेगाव, कसबे डिग्रज, कराड, बोरगाव, महाबळेश्वर इथल्या प्लॉटांत घडला आहे. म्हणून उत्तरांचा भर तिकडंच आहे.

सातारा आणि सांगली कोणत्या कृषी विद्यापीठाखाली येतात?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशातले दहा जिल्हे त्याच्याकडं आहेत: जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली आणि कोल्हापूर.

हे विद्यापीठ कधी झालं? राज्यात चार कृषी विद्यापीठं का?

१९६८ साली महाराष्ट्र कृषी विद्यापीठ या नावानं संपूर्ण राज्यासाठी एकच विद्यापीठ सुरू झालं. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. पण धानाचा पूर्व विदर्भ, कापसाचा अकोला पट्टा, मराठवाड्याची काळी रानं, कोकणचं भात-आंबा आणि आपला कालव्याचा ऊस हे सगळं एका ठिकाणाहून बघणं अवघड होतं. शिवाय विदर्भ आणि मराठवाड्यात स्वतंत्र विद्यापीठासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. त्यातून १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झालं आणि १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीची दोन झाली. उरलेला भाग राहुरीकडं राहिला.

देशात या पद्धतीचं पहिलं विद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघालं होतं. अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांचा नमुना त्यामागं होता. शिकवणं, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ते संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेणं) ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची, हा त्याचा गाभा. त्याआधी आपल्याकडं शिकवायचं कॉलेजनं, संशोधन करायचं कृषी खात्यानं आणि शेतकऱ्याला सांगायचं ग्रामसेवकानं, अशी वाटणी होती. ती मोडली ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. उसावरचे रोग प्लॉटात बघणारा माणूसच वर्गात रोगशास्त्र शिकवू लागला.

त्याआधी इथल्या मुलांनी शेतीचं शिक्षण कुठं घ्यायचं?

पुण्याला. १८७९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतीचा वर्ग सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं स्वतंत्र कृषी महाविद्यालय झालं. डॉ. हॅरॉल्ड मॅन तिथं प्राचार्य होते, पुढं ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. दख्खनच्या खेड्यात कुटुंबाकडं जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, याची घरोघर जाऊन मोजदाद त्यांनी केली. शेती सुधारायची तर आधी शेतकऱ्याचा हिशेब बघावा लागतो, ही शिस्त आजच्या कृषी अर्थशास्त्र विभागात आहे, तिचं मूळ तिथं सापडतं.

स्वातंत्र्यानंतर धुळ्याला १९६० मध्ये आणि कोल्हापूरला १९६३ मध्ये कृषी महाविद्यालय झालं. कोल्हापूरचं कॉलेज निघालं आणि सांगली, कराड, वाळव्याच्या मुलांना पुण्याची वाट धरायची गरज उरली नाही. शिवाजी विद्यापीठाची स्थापना आदल्याच वर्षी, १९६२ ला झाली होती. कृषी विद्यापीठ आल्यावर ही सगळी कॉलेजं त्याच्या छत्राखाली गेली.

विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव कधी मिळालं?

१९७८ साली. साताऱ्याच्या वाचकांसाठी हे मुद्दाम सांगतो, जोतिरावांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. शेतकऱ्याची पोरं शिकली पाहिजेत, पाणी अडवलं पाहिजे, जनावरांची पैदास सुधारली पाहिजे, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकात ठणकावून लिहून ठेवलं. आज मृद व जलसंधारण आणि पशुसंवर्धन या विषयांचे तास होतात तेव्हा त्याच मागण्या अभ्यासक्रमात बसलेल्या असतात. हे नाव या विद्यापीठाला शोभतं.

कृषी विद्याशाखेत नेमकं काय काय येतं?

अधिष्ठाता हे प्रमुख. त्यांच्या अखत्यारीत कृषिविद्या, मृदशास्त्र, कृषी वनस्पतीशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र असे विभाग. कृषी अभियांत्रिकीची विद्याशाखा वेगळी. संशोधनाला आणि विस्ताराला स्वतंत्र संचालक असतात. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांना १९८३ चा एकच कायदा लागू आहे आणि त्यांच्यात मेळ घालायला पुण्यात कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे.

पाडेगावचं ऊस केंद्र विद्यापीठापेक्षा जुनं कसं?

मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, पाडेगाव, तालुका फलटण. स्थापना १९३२, म्हणजे विद्यापीठाच्या छत्तीस वर्षं आधी. हे केंद्र का निघालं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं.

भाटघरचं धरण १९२८ ला पुरं झालं आणि नीरेच्या कालव्यांना पाणी भरपूर मिळू लागलं. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. पण पाण्याचा हात सैल सुटला, निचरा नव्हता, आणि थोड्याच वर्षांत क्षार वर येऊन चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पाणी किती द्यायचं, खत किती, लागण कधी, कुठल्या जमिनीत कुठली जात, याला उत्तर हवं होतं. ते शोधायला कालव्याच्या काठावरच केंद्र काढलं गेलं. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू हे लागणीचे तीन हंगाम आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) यांच्या ज्या शिफारशी आज कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस तोंडपाठ सांगतो, त्यातल्या बहुतेकांची पायाभरणी तिथल्या प्लॉटांत झाली.

मग आल्या जाती. पुंड्या ऊस जाऊन को ४१९ (को म्हणजे कोइमतूर) आला होता. १९५० च्या दशकात पाडेगावनं को ७४० दिला आणि त्यानं महाराष्ट्राचं चित्र पालटलं. खोडवा चांगला, साखर चांगली. सहकारी साखर कारखानदारी उभी राहत होती त्या काळात शेतात हाच ऊस उभा होता. पुढं त्याच्यावर काणी हा बुरशीचा रोग वाढला, शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा. तेव्हा को ७२१९, कोएम ७१२५, कोएम ८८१२१ अशा जाती आल्या. त्यानंतर १९९६ ला को ८६०३२ आणि २००७ ला फुले २६५.

फुले २६५ विषयी सांगली जिल्ह्यात विशेष आपुलकी आहे, कारण क्षारपड जमिनीत तो तग धरतो. वजन चांगलं मिळतं. साखर उताऱ्यावरून काही कारखान्यांनी सुरुवातीला त्याची नोंद घ्यायला खळखळ केली, पण शेतकऱ्यांनी लागण सोडली नाही. माझ्या मते या वेळी शेतकऱ्याचा अंदाज बरोबर निघाला. ज्या रानात दुसरा ऊस उगवणीलाच मान टाकतो, तिथं उताऱ्याचा हिशेब नंतर करावा.

को ८६०३२ हा कोइमतूरचा ऊस, मग पाडेगावचं त्यात काय?

उसाला फुलोरा येऊन सकस बी धरायला लागणारं हवामान कोइमतूरला मिळतं, म्हणून संकर बहुतांश तिथं होतात. को ८६०३२ चाही तिथलाच. पण एखादी जात आपल्या जमिनीत, आपल्या तीन हंगामांत आणि खोडव्यात कशी वागते, हे वर्षानुवर्षं लावून बघावं लागतं. ती पारख पाडेगावनं केली आणि 'नीरा' या नावानं महाराष्ट्रासाठी शिफारस केली. संकर करणारा आणि निवड करणारा, दोघांचंही श्रेय आहे. आपल्याकडं कोइमतूरचं नाव सगळे घेतात, निवडीत घातलेली वर्षं कुणी मोजत नाही.

कसबे डिग्रजच्या केंद्रात काय चालतं?

मिरज तालुक्यातलं हे कृषी संशोधन केंद्र सांगलीच्या शेतकऱ्याला सगळ्यात जवळचं. तिथलं काम मला तीन धाग्यांत दिसतं.

पहिला धागा हळदीचा. सांगलीची बाजारपेठ देशभर नावाजलेली. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायची पद्धत जुनी, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढी पेठ दारात असताना शेतात मात्र सेलम आणि राजापुरी या जुन्या जातींवरच सगळी भिस्त होती. केंद्रानं निवड पद्धतीनं फुले स्वरूपा दिली, नंतर फुले हरिता. फुले स्वरूपामध्ये कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) ५ टक्क्यांच्या वर आहे. पण नुसती जात देऊन भागत नाही. गड्डे कसे निवडायचे, बेणे प्रक्रिया कशी करायची, कंदमाशी दिसली तर काय, करप्याची फवारणी कधी, हळद किती वेळ शिजवायची, हे सगळं केंद्रात प्रत्यक्ष दाखवतात. शिजलेली हळद ओळखायची खूण आजही तीच: कंदात काडी घालून बघायची, ती सहज आरपार गेली की भट्टी उतरवायची. काहिलीच्या जागी वाफेचे कुकर आले तरी ही काडी सुटली नाही.

दुसरा सोयाबीनचा. कृष्णाकाठची दमट हवा तांबेऱ्याला पोषक. पानाच्या खाली तांबूस भुकटी दिसली की आठ-दहा दिवसांत रान झडून जातं, शेंगा भरत नाहीत. असा भाग केंद्राच्या शास्त्रज्ञांना रोगाची पारख करायला आयता मिळाला. त्यातून फुले कल्याणी, फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया, फुले दुर्वा या जाती पुढं आल्या. दुकानात पिशवीवर 'केडीएस ७२६' लिहिलेलं दिसतं तोच फुले संगम, आणि त्यातलं केडी म्हणजे आपलं कसबे डिग्रज. मराठवाडा, विदर्भातले शेतकरी हा नंबर सांगून बियाणं मागतात. सांगलीकरांना याचा अभिमान वाटायला हवा, तेवढा तो दिसत नाही.

तिसरा धागा जमिनीचा. कृष्णा आणि वारणेच्या काठावर मिरज, पलूस, वाळवा, तासगाव भागांत हजारो एकर रानं पाणथळ आणि क्षारपड झाली आहेत. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. क्षारयुक्त आणि चोपण या दोन वेगळ्या जमिनी आहेत. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, विद्युत वाहकता ४ च्या वर, पण सामू (पीएच) ८.५ च्या आत. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेलं, विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या पुढं. पहिलीतून क्षार पाण्याबरोबर निचऱ्यानं बाहेर काढता येतात. दुसरीत आधी जिप्सम घालून सोडियम सोडवावं लागतं. माती परीक्षण न करता शेजाऱ्यानं टाकलं म्हणून जिप्सम टाकणं हा निव्वळ पैशाचा नाश. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याच्या पद्धतीवर या केंद्रानं काम केलं आहे आणि जिथं ते नीट झालं तिथं ओसाड रानात पुन्हा ऊस उभा राहिला. मात्र पाइपाचं पाणी सोडायला चर लागते, त्यासाठी चार-सहा बांधकऱ्यांचं एकमत लागतं. अडचण शास्त्राची नाही, गावच्या बैठकीत सुटायची आहे.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते, तिथं गव्हाचं केंद्र कशासाठी?

गव्हावरच्या तांबेऱ्यासाठी. सपाटीवर उन्हाळ्यात ही बुरशी तग धरत नाही, थंड डोंगरावर ती टिकते. महाबळेश्वरच्या हवेत तांबेरा हमखास येतो, त्यामुळं कुठला वाण टिकतो आणि कुठला कोसळतो हे तिथं लवकर कळतं. उन्हाळ्या-पावसाळ्यातही गहू घेता येत असल्यानं पैदासकाराचं वर्षही वाचतं. निफाडला किंवा इतरत्र तयार झालेल्या गव्हाची परीक्षा साताऱ्याच्या डोंगरावर होते, हे कित्येक सातारकरांना ठाऊक नसतं.

कराड आणि बोरगाव?

कराडचं नाव जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी भुईमुगामुळं आहे. 'कराड ४-११' ही पसरी जात एके काळी घरोघर होती. आता कराडला शासकीय कृषी महाविद्यालयही आहे, त्यामुळं सातारा जिल्ह्यातल्या मुलांना घराजवळ पदवीची सोय झाली. सातारा तालुक्यातल्या बोरगावला विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं प्रशिक्षणं होतात आणि नव्या वाणांची प्रात्यक्षिकं शेतकऱ्यांच्या रानात घेतली जातात.

शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाचं का?

आधी होतं, आता नाही. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली निघालं. २००० साली नागपूरला पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ झालं, तेव्हा ते तिकडं गेलं.

एकाच विद्यापीठाला दोन जिल्ह्यांत इतकी केंद्रं कशाला?

महाबळेश्वरला पाऊस सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि माण, जत, आटपाडीला पाचशेच्या घरात. एका शिफारशीत हे दोन्ही कसे बसतील? १९७९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात राज्याचे नऊ हवामान विभाग पाडले आणि विभागवार संशोधन सुरू झालं. सातारा-सांगलीत घाटमाथा, उपपर्वतीय, मैदानी आणि अवर्षण असे बरेच विभाग एका दिवसाच्या प्रवासात लागतात.

द्राक्षात तर शेतकऱ्यांनीच जाती शोधल्या. मग विद्यापीठानं काय केलं?

खरं आहे, आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडली. शास्त्रज्ञाची नजर त्यांच्याकडं होती. तासगावच्या बागायतदारांचं ज्ञान कुठल्याही वर्गखोलीपेक्षा कमी नाही.

पण डाळिंबाचं उदाहरणही बघा. पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत फळशास्त्रज्ञ डॉ. चिमा यांनी १९३० च्या दशकात निवडलेल्या झाडातून गणेश ही जात आली. पुढं राहुरीनं २००३ च्या सुमारास भगवा दिला आणि आटपाडी, सांगोल्याच्या माळावर तोच पसरला. तेव्हा कोण मोठा हा वाद निरर्थक. बागेत वेगळी दिसलेली काडी ओळखणारा शेतकरी आणि तिची शास्त्रशुद्ध पारख करणारं केंद्र, दोघं एकमेकांना भेटत राहिले पाहिजेत.

गावात येणारे कृषीदूत आणि कृषीकन्या नेमकं काय करतात?

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव नावाचं सत्र असतं. त्यातले विद्यार्थी म्हणजे कृषीदूत आणि विद्यार्थिनी म्हणजे कृषीकन्या. ही मुलं-मुली काही आठवडे गावात राहून काम करतात. गावाचा नकाशा काढणं, पिकांची नोंद, बीजप्रक्रिया, माती नमुना अशी प्रात्यक्षिकं घेतात.

कवठेएकंदजवळच्या एका वस्तीवर मी हे जवळून पाहिलं. एक मुलगी खुरप्यानं इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेत होती, वीतभर खोल. कडेची बोटभर जाडीची माती तिनं घमेल्यात काढली. अशी रानात नागमोडी फिरत ठिकठिकाणची माती गोळा केली, गोणपाटावर पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेली पुन्हा मिसळली. शेवटी अर्धा किलो राहिली ती कापडी पिशवीत. बांधावर बसलेले आजोबा म्हणाले, "पोरी, झाडाखालची घेतलीस का?" ती म्हणाली, "नाही आबा, झाडाखालची, बांधाजवळची आणि उकिरड्याची घ्यायची नसते." आजोबांनी मान डोलावली आणि आपल्या दुसऱ्या तुकड्याचाही नमुना काढायला तिला घेऊन गेले.

काही गावांत हा कार्यक्रम फोटोपुरता उरतो, हेही खरं. त्याला इलाज गावाच्या हातात आहे. मुलं आली की त्यांना आपला खरा प्रश्न द्या: उसाची उगवण का कमी झाली, मुळं खाणारी हुमणी अळी कुठं आहे, विहिरीचं पाणी खारट का झालं. ती नवशिकी असतात, पण त्यांचे प्राध्यापक फोनच्या अंतरावर असतात.

खासगी कृषी महाविद्यालयं इतकी वाढली, ती चांगली का?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संलग्न महाविद्यालयं खूप वाढली. फलटण, रेठरे अशा ठिकाणी शिक्षण संस्थांनी आणि साखर उद्योगाशी जोडलेल्या ट्रस्टांनी कॉलेजं काढली. याचा मोठा फायदा मुलींना झाला. घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर कॉलेज असलं की आई-बाप पाठवतात.

दर्जा मात्र सगळीकडं सारखा नाही. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी बघाव्यात. प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची शेती, किती आणि त्यावर आत्ता पीक उभं आहे का, प्रयोगशाळेतली उपकरणं वापरातली आहेत का, आणि शिकवणारे पूर्णवेळ आहेत का. इमारतीची काच किती चकचकीत आहे याला अर्थ नाही. शेतीची पदवी रानात मिळते.

प्रवेश कसा होतो?

बारावी विज्ञाननंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारे अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो, पण त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचूनच कागद जमवावेत. दहावीनंतर मराठी माध्यमाचा दोन वर्षांचा कृषी पदविका अभ्यासक्रमही आहे. शेती सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम बघावेत.

अभ्यासक्रम बदलला आहे का?

हो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार २०२४-२५ पासून नवी रचना आली. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, चार वर्षांनी पदवी. कौशल्याच्या विषयांवर भर वाढला. चांगलं आहे, पण कौशल्य शिकवायला माणसं लागतात.

म्हणजे माणसं नाहीत?

कमी आहेत. मंजूर पदांतली बरीच पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि एकेक शास्त्रज्ञ दोन-तीन योजना ओढतो आहे. ऊसाची एक जात तयार व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. मधेच माणूस निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर रोपांच्या ओळींची त्याच्या डोळ्यांत साठलेली ओळख त्याच्याबरोबर जाते. पाडेगावनं आणि डिग्रजनं जे दिलं ते एका जागी वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या माणसांच्या जोरावर दिलं. रस्त्यासाठी, पाण्यासाठी आपण मोर्चे काढतो. संशोधन केंद्रातल्या रिकाम्या खुर्च्यांसाठी आमदारांना एक निवेदन तरी गेलं पाहिजे, आणि ते ऊस-हळद पिकवणाऱ्यांनीच दिलं पाहिजे.

नवा वाण शेतकऱ्यापर्यंत येतो कसा आणि खात्रीचं बियाणं कुठं मिळतं?

केंद्रात निवड, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या, मग चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या बैठकीत शिफारस. त्यानंतर बियाण्याची साखळी सुरू होते: पैदासकार, पायाभूत, प्रमाणित. पैदासकार बियाणं विद्यापीठ तयार करतं, पुढचे टप्पे बियाणं महामंडळ, कंपन्या आणि शेतकरी गट घेतात.

सोयाबीनसाठी पेरणीच्या आधी बरेच दिवस डिग्रजला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, ऐन जूनमध्ये गेलं तर साठा संपलेला असतो. फुले स्वरूपाचे गड्डे अक्षय तृतीयेच्या लागणीसाठी हवे असतील तर काढणीच्या हंगामातच नाव नोंदवावं. उसाचं मूलभूत बेणं पाडेगावहून किंवा आपल्या कारखान्याच्या शेतकी विभागामार्फत मिळतं. ते थेट मोठ्या क्षेत्रावर न लावता आधी आपल्याच रानात बेणेमळा करावा, आणि दर तीन-चार वर्षांनी बेणं बदलावं. जाताना सातबारा, मागचा माती परीक्षण अहवाल आणि रोगट पान किंवा कांडं असेल तर ते कागदात गुंडाळून बरोबर न्यावं. प्लास्टिकच्या पिशवीत ते घाम येऊन सडतं आणि रोग ओळखता येत नाही.